स्लॅबचं टेबल करताय? आधी लाकूड वाळलंय का ते बघा

महिन्यातून दोनदा तरी व्हॉट्सअ‍ॅपवर मला तोच फोटो येतो. अख्ख्या झाडाच्या रुंद स्लॅबचं (खोडाच्या जाड, सलग फळीचं) टेबल, काचेसारखं फिनिश आणि मधोमध हातभर चीर. खाली प्रश्न: ‘दादा, यात काय भरू?’ भरायचं नंतर बघू. लाकूड कधी कापलेलं होतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सॉमिलवाला म्हणाला, पूर्ण सुकलेलं आहे.’

सॉमिलवाला तसंच म्हणणार. त्याला जागा मोकळी करायची असते.

ओल

स्लॅब हाताला कोरडा लागतो, पण दोन-अडीच इंचांच्या पोटातली ओल हाताला कळत नाही. सावलीत, वारा लागेल असं, मध्ये पट्ट्या देऊन रचलेल्या लाकडाला जाडीच्या इंचाला साधारण एक वर्ष धरायचं, हा जुन्या सुतारांचा हिशोब. अडीच इंचाला अडीच वर्षं. हे ऐकलं की नव्या पोरांचा चेहरा पडतो. मग कोणी स्लॅब गच्चीवर भर उन्हात टाकतो, कोणी हीट गन मारतो. वरचा थर झटकन आकसतो, आतला ओलाच राहतो आणि दोघांच्या ओढाताणीत टोकांपासून भेगा पडत येतात.

मलाही ही अक्कल फुकट आलेली नाही. धंद्याच्या सुरुवातीला कुडाळकडून आंब्याचा एक स्लॅब आणला होता. साडेसहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद, मधून राखाडी-तपकिरी रेघा गेलेल्या. तिकडे शेडमध्ये वर्षभर पडून होता म्हणे. गणपती झाल्यावर पुण्यात आला, पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा दिवस राहिला. ओल मोजायचा मीटर टेकवला, १२ टक्के. मी खूश. त्या मीटरच्या टाचण्या पाच-सहा मिलिमीटर आत जातात, त्याच्या खाली काय चाललंय हे त्याला कुठून कळणार? पण ग्राहकाला दिवाळीच्या आत टेबल हवं होतं आणि मला पैसे.

दिवाळीला टेबल पोचलं. एप्रिलमध्ये सकाळी सातला फोन. ‘अहो, रात्री दोन वाजता फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. आम्हाला वाटलं सिलेंडर!’ गेलो. खोलीत एसी दिवसरात्र चालू. एका टोकापासून चौदा इंच आत चीर, तोंडाशी इतकी रुंद की पेन्सिल बसावी. घरच्यांनी तोवर त्यात मेणबत्तीचं मेण ओतून ठेवलेलं.

खाली वाकून बघितलं तेव्हा दुसरी चूक दिसली, आणि ती पूर्णपणे माझी होती. चौकोनी पाइपाची वेल्डिंग केलेली फ्रेम, तिला नेमक्या मापाची दहा भोकं आणि दहा स्क्रू आवळून बसवलेले. मोठ्या अभिमानाने आवळलेले. लाकूड रुंदीत आकसत होतं आणि लोखंड त्याला सोडत नव्हतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं, आणि ज्या फळीवर मोठ्या कमानीसारख्या रेघा दिसतात ती सगळ्यात जास्त. मी एकेक स्क्रू सोडत गेलो. शेवटच्या दोनपैकी एक सोडला तेव्हा टॉप टक् करून सरकला आणि डोळ्यांदेखत चीर निम्मी मिटली. रुंदी मोजली तर बत्तीस इंचांतला जवळजवळ अर्धा इंच गेला होता. पैसे परत केले, टेबल परत आणलं.

तेव्हापासून मीटरवर एकट्यावर माझा विश्वास नाही. टोकापासून फूटभर आतला एक तुकडा कापतो (टोकं लवकर वाळतात, त्यामुळे तिथलं माप खोटं येतं). किचनच्या काट्यावर त्याचं वजन करतो आणि घरच्या ओव्हनमध्ये शंभर डिग्रीच्या जरा वर ठेवतो, वजन उतरायचं थांबेपर्यंत. घरच्यांची बोलणी खावी लागतात. १८४ ग्रॅमचा तुकडा १६० वर थांबला, तर गेलेलं पाणी २४ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या १५ टक्के. पुण्या-मुंबईच्या एसीच्या फ्लॅटसाठी मी आठ ते दहा टक्क्यांवर आल्याशिवाय हात लावत नाही. टेबल कोकणातल्या घरी जाणार असेल तर बारा-तेरा चालतं. तुकडा कापायला मिळत नसेल तर अख्खा स्लॅब शंभर किलोच्या लटकत्या काट्याला लावतो आणि खडूने त्यावरच तारीख आणि वजन लिहितो. दोन-तीन महिने आकडा हलला नाही की समजायचं, तुमच्या हवेत जेवढा वाळायचा तेवढा वाळला.

फ्रेमचं म्हणाल तर मधलं भोक नेमकं, बाकी सगळी लांबट. रेघांना आडवी लांबट, बरं का! एकाने उलटी पाडून आणली होती. सहा मिलिमीटरच्या स्क्रूला मी सोळा-अठरा मिलिमीटरचा खाचा देतो, मोठा वॉशर लावतो आणि हाताला लागेल एवढंच आवळतो. आधीपासून चीर असेल तर तिच्यावर आडवे डमरू (डमरूच्या आकाराचे लाकडी तुकडे) बसवा, चांगले दिसतात. पण ओल्या लाकडाला डमरू रोखत नाही, ते शेजारी फाटतं.

सरळ करताना

राउटरने (लाकूड खरवडायच्या मशीनने) एकाच बाजूने अर्धा इंच काढू नका, दोन्हीकडून सारखं काढा. रात्री फरशीवर सपाट टाकून घरी जाऊ नका, सकाळी त्याची परात झालेली असते. साल ठेवायचा हट्ट सोडा, आज ना उद्या पडते आणि तिच्याखाली किडे राहतात. आंब्याचं, शिरिषाचं कडेचं पांढरं लाकूड किड्यांना भारी आवडतं. टेबलाखाली पिठासारखा भुसा दिसला की उशीर झालेला असतो, म्हणून बोरॅक्स-बोरिकचं पाणी कच्च्या लाकडालाच, पॉलिशच्या आधी.

इपॉक्सी

भेगा-खड्डे भरायच्या या रेझिनमध्ये हार्डनर मिसळावा लागतो; डब्यावर २:१ मापाने लिहिलंय की वजनाने, ते वाचा. दोन्ही सारखं नसतं, आणि चिकट राहिलेला टॉप खरवडायला दोन दिवस जातात. पातळ थराचं इपॉक्सी तीन इंच खोल खड्ड्यात एकदम ओतलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धूर काढतं. आधी ब्रशने पातळ हात मारून लाकडाची छिद्रं बंद करा, आणि तोही संध्याकाळी, पारा उतरताना. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून वर येते, तेच तुमचे बुडबुडे. सागावर ओतायचं असेल तर आधी थिनरच्या फडक्याने तेल पुसून घ्या. आणि गरम कुकर थेट इपॉक्सीवर ठेवणाऱ्या ग्राहकाला मी आधीच सांगतो, गोल ठसा उमटला तर मला फोन करू नका. साधं इपॉक्सी पन्नास-साठ डिग्रीलाच मऊ पडायला लागतं.

पेपर आणि पॉलिश

८० नंबरच्या पॉलिश पेपरनंतर थेट २२० मारणारे लोक मला लगेच ओळखू येतात. पॉलिश लावलं की लाकडात बारीक बारीक गोल रेघोट्या उठतात, शेवयांसारख्या. ८०, १२०, १८०, २२०, मधलं काही सोडायचं नाही. प्रत्येक नंबरनंतर मी खोलीतला दिवा बंद करतो आणि मोबाइलचा टॉर्च टॉपला जवळजवळ टेकवून आडवा फिरवतो. आधीच्या पेपरची एकही रेघ दिसली तर पुन्हा तोच नंबर. शेवटी ओलं फडकं फिरवा, वाळलं की उभे राहिलेले तंतू हलक्या हाताने २२० ने काढा.

जुलैत पॉलिश करायची घाई झालेल्यांना काय सांगू? दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लाखेचं किंवा लॅकरचं पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. उघडीप होईपर्यंत थांबा. शिसमावर तेलाचा पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) आठवडाभर चिकट राहिला तर डब्याला शिव्या घालू नका, त्या लाकडातली द्रव्यंच त्याला वाळू देत नाहीत. आधी लाखेचा पातळ हात द्यायचा. आणि खालची बाजू! वर चार हात आणि खाली कोरं लाकूड, म्हणजे खालून ओल आत-बाहेर करत राहणार आणि टॉप वाकणार. दिसत नाही म्हणून सोडलेली बाजू मी पॉलिशवाल्याला आधी करायला लावतो, नाहीतर ती राहतेच.

जवसाचं तेल वापरलंत तर फडकी बोळे करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, फडकं आपोआप पेटतं. माझ्या शेडच्या दाराशी पाण्याची पत्र्याची बादली असते, तेलाचं प्रत्येक फडकं तिच्यात. नव्या पोराला पहिल्या दिवशी रंधा दाखवायच्या आधी मी ती बादली दाखवतो.