रॅपिड वाचायला शिकताना

भूशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेताना माझ्या वाट्याला नदीपात्राचे छेद मोजायचं काम आलं. राफ्ट हाकता आल्याशिवाय ते जमणार नव्हतं, म्हणून तेही शिकले. वर्गातली माणसं आणि बोटीवरची माणसं एकाच पाण्याबद्दल बोलायची, पण शब्द वेगळे. इकडे उतार, विसर्ग, वेग. तिकडे जीभ, होल, एडी. हे दोन्ही एकमेकांशी जुळवायला मला दोन हंगाम लागले. तुम्हाला इतके लागू नयेत म्हणून लिहितेय.

रॅपिड, म्हणजे नदीचा उसळत, वेगाने वाहणारा टप्पा, कशाने होतो, याचं उत्तर पुस्तकात मिळतं: तळाचा उतार वाढतो, पात्र अरुंद होतं, मध्ये धोंडे असतात आणि ते झाकेल-न झाकेल इतपत पाणी असतं. हे पाठ होतं. तरी मैलभर संथ वाहणारी नदी नेमकी इथेच का उसळली, हे विचारलं की मी गप्प. मग एका अनुभवी गाइडने मला पाण्याकडे पाठ करून काठाकडे बघायला लावलं. समोर बाजूच्या ओढ्याचं तोंड होतं आणि तिथून पंख्यासारखा पसरलेला धोंड्यांचा ढीग थेट पात्रात उतरला होता. मोठ्या पावसात ओढा जे खाली आणतो, त्यातली वाळू-गोटे नदी वाहून नेते. मोठे धोंडे तिला हलत नाहीत. तेच पाणी अडवतात. वरच्या अंगाला डोह साचतो आणि ढिगावरून पाणी घसरतं. कठीण कातळाचा पट्टा आडवा आला किंवा दरड कोसळली तरीही रॅपिड होतो, पण नवख्याने आधी ओढ्याचं तोंड शोधावं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण कोलोरॅडो नदीवर, ग्रँड कॅन्यनमध्ये आहे. नद्यांचे अभ्यासक लुना लिओपोल्ड यांनी १९६९ मध्ये मांडलं की तिथे नदी जेवढी खाली उतरते, त्यातला निम्मा उतार जेमतेम ९ टक्के लांबीत, म्हणजे रॅपिडांमध्येच संपतो. उरलेली नदी जवळपास सपाट. तिथला क्रिस्टल रॅपिड १९६६ च्या डिसेंबरपर्यंत फारसा अवघड नव्हता. त्या महिन्यात बाजूच्या ओढ्यातून चिखल-धोंड्यांचा लोंढा आला आणि पात्र वरच्या अंगाच्या रुंदीच्या पाव हिश्श्यावर आलं. पुढे १९८३ मध्ये वरच्या धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं, तेव्हा तिथे पाच मीटरांच्या आसपास उंचीची लाट उभी राहिली आणि मोठमोठ्या राफ्ट उलटल्या. भूशास्त्रज्ञ सुझन कीफर यांनी त्या लाटेचा अभ्यास केला. त्या पुरानंतर पात्र रुंदावलं, वरच्या अंगाच्या रुंदीशी त्याचं प्रमाण पाव हिश्श्यावरून सुमारे ०.४ वर गेलं. त्याच नदीवरच्या जुन्या रॅपिडांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. नदी स्वतःची वाट कशी मोकळी करत जाते, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठेच दिसलं नाही. आजही हे आकडे वाचले की अंगावर काटा येतो.

आता पाण्याच्या वागण्याकडे. एकच सूत्र नीट समजून घ्या: उथळ पाण्यात लाट किती वेगाने पुढे सरकते, ते खोलीवर ठरतं. एक मीटर खोलीत तो वेग सेकंदाला साधारण ३.१ मीटर भरतो. प्रवाह त्याहून जलद असेल, तर खालच्या अंगाची लाट वर चढूच शकत नाही. धोंड्यावरून घसरणारं पाणी असंच पातळ आणि वेगवान असतं. पायथ्याशी खोल, संथ पाण्यावर ते आदळतं आणि एकदम उंच होतं. हीच हायड्रॉलिक जंप. प्रवाहाचा वेग भागिले लाटेचा वेग, याला फ्रूड अंक म्हणतात. तो १ च्या वर होता, तो इथे १ च्या खाली येतो. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जवळपास जागच्या जागी राहतं. रॅपिडमध्ये लाट जागेवर उभी असते आणि पाणी तिच्यातून निघून जातं. म्हणूनच ती वाचता येते: जिथे लाट, तिथे खाली काहीतरी कारण आहे.

उसळी जोरदार असेल तर वरचं पाणी मागे, धोंड्याच्या दिशेने कोसळत राहतं. तो होल. त्यातल्या फेसात हवा इतकी मिसळलेली असते की लाइफ जॅकेट घालूनही माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. होलची टोकं प्रवाहाच्या दिशेने वळलेली असतील तर बाजूने सुटता येतं. उलट दिशेला वळलेली असतील तर पाणी पुन्हा मध्यात ओढतं. सर्वांत घातक मात्र बुटका, सरळ बंधारा. त्याच्या पायथ्याशी या काठापासून त्या काठापर्यंत सलग होल असतो आणि वरून बघताना पाणी अगदी निवांत दिसतं. त्याच्या जवळही जाऊ नका.

काठावरून बघताना मी आधी इंग्रजी 'व्ही' शोधते. टोक खालच्या दिशेला असेल तर ती दोन अडथळ्यांमधली गुळगुळीत जीभ, म्हणजे वाट. टोक वरच्या दिशेला असेल तर तिथे दगड आहे. दगडावर आपटून पाण्याची उशी फुगलेली दिसली तर ती बोटीला थोडीफार बाजूला ढकलते. प्रवाह मोठ्या दगडावर जातोय आणि उशीच नाही, असं दिसलं तर सावध व्हा: दगड खालून पोखरलेला असू शकतो आणि पाणी त्याच्या पोटात शिरत असतं. आडवं पडलेलं झाड तसंच. पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. दगडामागे पाणी उलटं, वरच्या दिशेला वाहतं, ती एडी. थांबायची आणि पुढचं बघायची जागा तीच. पण तिच्या कडेवर दोन उलटे प्रवाह घासतात, ती ओलांडताना बोट कलंडते.

माझी सगळ्यात मोठी चूक पाणी कमी असतानाच झाली. मांडीइतक्या पाण्यात मोजपट्टी धरून उभी होते, पाय दोन दगडांत अडकला आणि प्रवाहाने मला पुढे वाकवलं. सोबतीने मागून धरलं म्हणून वाचले. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पायाला ते त्या दिवशी कळलं. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायची घाई करू नका. पाठीवर, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवून वाहत जा, आणि संधी मिळताच एडीकडे पोहत सुटा.

रॅपिड किती अवघड ते सांगणाऱ्या एक ते सहा श्रेणी लगेच पाठ होतील, पण श्रेणी एका पाणीपातळीपुरती असते. पाणी चढलं की एखादा रॅपिड बुडून सपाट होतो, आणि त्याच्याच खालचा, कालपर्यंत साधा वाटणारा, आडदांड होतो. त्यासाठी एक सवय लावून घ्या. एकच रॅपिड निवडा, काठावरची एकच जागा ठरवा आणि वेगवेगळ्या पातळ्यांना तिथे बसून त्याचं चित्र काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. काठावरच्या एका ठरलेल्या दगडावर पाणी कुठवर आलंय तेही शेजारी लिहा. मग वरून एक काटकी सोडा आणि ती कुठून जाते, कुठे थांबते, किती वेळ फिरत राहते, ते त्याच चित्रावर रेघेने काढा. माझ्या वहीत एका रॅपिडची अकरा चित्रं आहेत. सातव्यात काटकी होलमध्ये चार मिनिटं फिरली; आठव्यात, पाणी वीतभर चढल्यावर, ती त्याच जागेवरून न अडखळता निघून गेली.