काठी-वॉकरसोबत ऑक्सिजन घेऊन चालायचं कसं

ऑक्सिजन दवाखान्यातून लिहून मिळतो, वॉकर सर्जिकलच्या दुकानातून येतो. दोन्ही एकत्र घेऊन चालायचं कसं, हे पेशंटला सहसा कोणी करून दाखवत नाही. वजन कुठे लटकवलंय आणि नळी कुठून फिरवलीय, यावर पेशंट पडणार की नाही हे ठरतं.

आधी वजन करा. सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरवरचा, प्रवाह कमीजास्त करणारा भाग) आणि पिशवी मिळून लहान संचसुद्धा तीन-चार किलोंचा भरतो. साधा चार पायांचा वॉकर प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. त्यावर एवढा भार टाकला, की ऑक्सिजन चालू असूनही दहा पावलांत धाप लागते. अशा पेशंटला पुढे दोन चाकं असलेला वॉकर घ्या.

पिशवी मुठीला कधीच अडकवू नका, वॉकर त्या बाजूला कलंडतो. पुढे बाहेरून लोंबती ठेवली तर पुढचं टोक जड होऊन मागचे पाय उचलले जातात. पुढच्या आडव्या दांडीला, आतल्या अंगाला, मधोमध आणि जमेल तितकी खाली बांधा. वरून एक आणि खालून एक असे दोन पट्टे लावा. गुडघे पिशवीला लागत असतील तर ती जागा बाद. चार चाकांच्या वॉकरला सीटखाली टोपली असेल तर सिलिंडरला तीच जागा उत्तम, पण तिथेही पट्टा हवाच.

काठीवाल्यांनी पाठीवरची, दोन्ही खांद्यांना पट्टे असलेली पिशवी घ्यावी. एका खांद्यावरची पिशवी तोल ओढते. चाकांची ट्रॉली ओढायला गेलं तर दुसरा हात अडकतो आणि उंबऱ्यावर ती मागे खेचते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. संच अंगावर घेऊन, रोजच्या चपला घालून उभं राहा आणि मगच काठीच्या मुठीची उंची ठरवा: हात सरळ खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी.

आता नळी. कॅन्युला (नाकात बसणारी ऑक्सिजनची नळी) कानामागून हनुवटीखाली घ्या, कपड्यांच्या आतून कमरेपर्यंत उतरवा, तिथून पिशवीकडे न्या. सर्वसाधारण कॅन्युलाची नळी सात फुटांची असते, चालताना ती जास्तच होते. उरलेली नळी सैल वेटोळं करून पिशवीत ठेवा, घट्ट दुमडली तर प्रवाह थांबतो. कपड्याला पकडायला कापडी पट्टीचा फास करून त्यालाच पिन लावा, नळीला टोचू नका.

सगळ्यात जास्त घात बसताना होतो. नळी वॉकरला जोडलेली असते, माणूस खुर्चीत टेकतो, वॉकर बाजूला सरकवतो, आणि नळी ताणून कॅन्युला तरी निघते नाहीतर वॉकर अंगावर येतो. म्हणून आधी खुर्ची पायाला लागेपर्यंत मागे या, चार चाकांचा वॉकर असेल तर दोन्ही ब्रेक लावा, मग बसा. वॉकर हाताच्या अंतरावरच ठेवा.

निघण्याआधी हिशेब करा. सिलिंडरची पाण्याची क्षमता (आत किती पाणी मावेल ती) लिटरमध्ये गुणिले गेजवरचा दाब बारमध्ये, म्हणजे साधारण तेवढे लिटर ऑक्सिजन. १.७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १२० बार असेल तर सुमारे २०४ लिटर. मिनिटाला २ लिटर प्रवाहावर १०२ मिनिटं. त्यातला पाव भाग राखीव धरा, उरली सव्वा तासाची फेरी, जाऊन येऊन. झडप हळू उघडा. सूं आवाज आला तर बहुतेक वेळा वायसर खराब असतं. तेलाचा हात रेग्युलेटरला लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकतं.

सिलिंडरऐवजी हवेतून ऑक्सिजन काढणारं बॅटरीवरचं मशीन असेल तर एक फरक लक्षात ठेवा: श्वासागणिक झटका देणाऱ्या मशीनवरचा '२' हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. चालताना तो पुरतो का, हे ऑक्सिमीटर लावून डॉक्टरांसमोर तपासून घ्या.

आपल्याकडचा खरा शत्रू ऊन. अशी बरीच मशीनं ४० अंशांपर्यंतच चालवायची असतात, आणि जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर जातो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीकडे किंवा देवदर्शनाला निघायचं तर सकाळी नऊच्या आत परत या, नाहीतर ऊन उतरल्यावर निघा. मशीनवर ओलं फडकं टाकू नका, हवेच्या जाळ्या बंद होतात. सिलिंडर असो वा मशीन, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. कापसाच्या दिवसांत तंतू आणि धूळ जाळीत बसते, तेव्हा फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आठवड्याला तरी साफ करा. चूल, गॅस, अगरबत्ती, विडी यांपासून किमान दहा फूट लांब राहा. चुलीवर वांगी भाजली जात असतील तर तिथे बसायचं नाही.

ओट्याच्या पायऱ्यांवर वॉकर दुसऱ्याने न्यावा. पेशंटने एका हाताने कठडा धरून चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. सोबतच्याने दोन्ही वेळा खालच्या पायरीवर राहावं. पिशवी पाठीवर नसेल तर तीही त्यानेच धरावी, नळी सैल ठेवून.

धाप वाढली तर थांबा, बसा, ओठ आवळून सावकाश श्वास सोडा. ऑक्सिमीटर डॉक्टरांनी दिलेल्या आकड्याखाली असेल तर आधी नळीची दुमड, सैल जोड आणि गेज बघा. प्रवाह मनाने वाढवू नका: दीर्घकाळच्या दम्यासारख्या फुप्फुसाच्या आजारात जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. डोकं दुखणं, गुंगी, बोलणं अडखळणं, ओठ निळे पडणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ला फोन करा.