विंडोजची किल्ली उबंटूत नेताना

सातपूरच्या ऑफिसात विंडोज, घरी इंदिरानगरला उबंटू लिनक्स, आणि ज्यांचे हिशेब पाहतो ते पिंपळगावचे द्राक्ष निर्यातदार मॅकवाले. बँक स्टेटमेंट साध्या मेलने पाठवणं पटेना, म्हणून ओपनपीजीपी, म्हणजे मेल कुलूपबंद करून पाठवायची पद्धत.

विंडोजवर जीपीजी४विन (हे काम करणाऱ्या जीपीजी प्रोग्रामचा विंडोजसाठीचा संच) टाकलं, त्यातल्या क्लिओपात्रामध्ये किल्ल्यांची जोडी तयार झाली: कुलूप लावायची सार्वजनिक, उघडायची खासगी. इथवर काही विशेष नाही. घोडं अडलं ते खासगी किल्ली घरी नेताना. पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) काढलेली किल्लीची फाइल उबंटू घेईना. यात ओपनपीजीपी डेटाच नाही म्हणे. कारण सापडलं: विंडोजसोबत येणारं पॉवरशेल '>' चिन्हाने फाइल लिहिताना मजकूर यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षर-संकेतात बदलतं, आणि किल्लीची वाट लागते. जीपीजीच्याच 'आउटपुट' पर्यायात फाइलचं नाव दिलं, काम झालं.

तरी थंडरबर्डला, म्हणजे माझ्या मेल प्रोग्रामला, किल्ली दिसेना! टर्मिनलवर जीपीजीला तर दिसत होती. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी थंडरबर्डमध्येच आहे, पण त्याचा किल्ल्यांचा जुडगा वेगळा. जीपीजीच्या जुडग्याकडे ते आपणहून बघत नाही. ओपनपीजीपी की मॅनेजरमधून तीच फाइल आत घेतली, मग खात्याच्या सेटिंगमध्ये ती किल्ली निवडली (हे दुसरं बहुतेकांचं राहून जातं).

निर्यातदारांच्या मॅकवरही थंडरबर्डच. फिंगरप्रिंटची, म्हणजे किल्लीच्या ओळखखुणेची, ४० अक्षरं फोनवर जुळवली. "साहेब, बँकसुद्धा एवढं विचारत नाही," ते वैतागले. पण ही पायरी गाळायची नाही. नाहीतर आपण कुणाच्या किल्लीने कुलूप लावतोय हे कळणार कसं? पेन ड्राइव्हवरची फाइल तेवढी नंतर पुसून टाकली.