भजनाचं रेकॉर्डिंग कसं करावं: मिक्सरची एक वायर पुरत नाही

बेळगाव-खानापूर भागात सप्ताह आणि जत्रांतली भजनं नंतर केबलवर किंवा यूट्यूबवर लागतात, तेव्हा गायक खणखणीत ऐकू येतो आणि टाळकरी गायब असतात. माइकवाला आवाज लावतो तो मंडपातल्या लोकांसाठी. टाळ मुळातच मोठे, त्यांना माइक कोण देणार? त्यामुळे मिक्सरमधून निघालेल्या वायरीत ते जवळजवळ नसतातच.

आधी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकारांचेही हक्क आहेत, म्हणून मंडळाची लेखी संमती असू द्या. तुकोबांच्या अभंगाला अडचण नाही. पण तोच सिनेमाच्या चालीवर बसवला असेल, तर यूट्यूबवर हरकत येऊ शकते.

दुपारीच मंडपात पोचा. माइकवाल्याकडे मेन (स्पीकरला जाणारा आउटपुट) ऐवजी ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून, फेडरच्या आधीची (प्री-फेडर) लाइन मागा, म्हणजे त्यानं स्पीकर कमी-जास्त केले तरी तुमचा आवाज हलत नाही. गडी कामात असतो, चहा पाजून मागा. लाइनमध्ये घूं असा आवाज आला तर मिक्सर आणि रेकॉर्डरच्या मध्ये डीआय बॉक्स लावा; ही एक छोटी डबी असते, आत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेलीच घ्या. रेकॉर्डर बॅटरीवरच चालवा; लाईट गेली तरी तो थांबत नाही.

आता टाळांसाठी स्वतःचे दोन माइक. मंचापासून दोन-तीन मीटरवर, डोक्यापेक्षा थोडे उंच, उंच स्टँडवर. स्पीकरच्या तोंडासमोर नकोत. तिसरा माइक जमला तर लोकांकडे वळवा, ‘विठ्ठल विठ्ठल’ला मिळणारी साथ त्यात येते. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्या, रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

लेव्हल लावताना एकट्या गायकाच्या आलापावर भागवू नका. मंडळाला द्रुत लयीतला गजर वाजवायला सांगा आणि सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. रंगात आल्यावर टाळकरी चाचणीपेक्षा जोरानं वाजवतात, हे गृहीतच धरा. आवाज फाटला की नंतर तो सुधारत नाही. कमी असेल तर वाढवता येतो.

कॅमेरा एकच असेल तर पूर्ण मंच दिसेल असा स्टँडवर ठेवून द्या. दोन असतील तर दुसऱ्यानं चेहरे आणि मृदंगावरचे हात टिपा. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सहसा लुकलुकत नाहीत. सुरुवातीला सगळ्यांसमोर एक टाळी वाजवा, शेवटी आणखी एक. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन तासांत एकमेकांपासून थोडे सरकतात, ते या टाळ्यांवरून जुळवता येतात.

संपादनात आधी टाळांचे माइक घ्या, मग त्यांच्यात गायकाची लाइन मिसळा. आवाजाला मीटरमागे तीनेक मिलिसेकंद लागतात. मागे दहा मीटरवर ठेवलेल्या माइकचा ट्रॅक तेवढा (तीसेक मिलिसेकंद) आधी सरकवला नाही, तर घुमल्यासारखं वाटतं.

त्याच रात्री दुसरी प्रत काढा. यूट्यूबवर चढवताना गावाचं नाव मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत लिहा, आपल्याकडचे लोक दोन्हींत शोधतात.