हेपेटायटिस ई आणि डुकराचं मांस: परदेशात राहताना या चुका टाळा

हेपेटायटिस ई, म्हणजे विषाणूमुळे यकृताला सूज आणणारा काविळीचा आजार, म्हटलं की आपल्याकडे आधी पाणी आठवतं, आणि भारतापुरतं ते खरंच आहे. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. ती हेपेटायटिस ई होती, हे कित्येक वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, जपानला गेलेली आपली मुलं हीच समजूत सोबत नेतात. तिथे नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, मग हा आजार कसला होतोय! पण त्या देशांत हा विषाणू बहुतेक वेळा ताटातून येतो, आणि त्याचा मुख्य साठा असतो डुकरात.

या विषाणूचे प्रकार वेगवेगळे आहेत. 1 आणि 2 हे माणसाकडून माणसाकडे, दूषित पाण्यावाटे जातात. 3 आणि 4 हे डुक्कर, रानडुक्कर आणि हरणात राहतात आणि तिथून माणसात येतात. भारतातल्या डुकरांमध्येही विषाणू सापडला आहे, पण तो 4 या प्रकारचा. आपल्याकडच्या साथी होतात त्या 1 या प्रकाराने. म्हणून गावात काविळीची साथ आली की डुकरं पाळणाऱ्या वस्तीवर खापर फोडणं ही नुसती चूक नाही, तो अन्याय आहे. शोधायची ती फुटलेली जलवाहिनी आणि तिच्या शेजारून वाहणारं गटार.

जनावर धडधाकट दिसतं, म्हणजे मांस सुरक्षित

डुकराला हा संसर्ग होतो तेव्हा ते आजारी दिसतच नाही. साधारण दोन ते चार महिन्यांचं असताना त्याला लागण होते आणि कत्तलीच्या वयापर्यंत बहुतेक डुकरं त्यातून बाहेर आलेली असतात. बहुतेक, सगळी नाहीत. जपानमध्ये होक्काइदोच्या दुकानांतून डुकराच्या कलेजीची 363 पाकिटं तपासली, तेव्हा 7 पाकिटांत विषाणूचा अंश सापडला. तो अहवाल 2003 चा. पाकिटं नेहमीसारखीच, ताजी, स्वच्छ. वासावरून किंवा रंगावरून काहीच कळत नाही.

वरून खरपूस झालं की शिजलं

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, आणि नेमकं हेच आपल्या हातात असतं. एका प्रयोगात विषाणू असलेली कलेजी 56 अंश सेल्सिअसवर तासभर ठेवली, तरी ती डुकरांना संसर्ग करू शकली. तीच कलेजी पाच मिनिटं उकळली, किंवा आतलं तापमान 71 अंशांवर जाईपर्यंत पाच मिनिटं कढईत परतली, तेव्हा संसर्ग झाला नाही. फ्रान्समधल्या दुसऱ्या प्रयोगात कलेजी घालून केलेल्या चरबीदार मिश्रणाला मात्र 71 अंशांवर 20 मिनिटं लागली. पदार्थ जेवढा जाड आणि चरबीदार, तेवढा वेळ जास्त द्यायचा.

म्हणून कलेजीचे लहान तुकडे करा आणि रस्सा चांगला रटरटू द्या. आपल्या पद्धतीचा मसाला घालून, झाकण ठेवून शिजवलेला रस्सा या बाबतीत फार भरवशाचा. गोव्याच्या सोरपोतेलमध्ये कलेजी असते, पण मांस आधी उकडून, मग तळून, मग पुन्हा रश्श्यात शिजतं, त्यामुळे तिथे काळजी नको. जाड सॉसेज शेगडीवर भाजताना मात्र मांसाचा थर्मामीटर मधोमध खुपसून बघा. महाग नसतो.

धूर, मीठ आणि फ्रीझरवर विसंबणं

कॉर्सिका बेटावर फिगातेल्लू नावाचं सॉसेज मिळतं. डुकराची कलेजी घातलेलं, धुरी दिलेलं, काळपट. ते कच्चं खाल्लेल्यांना हेपेटायटिस ई झाल्याचं 2010 मध्ये समोर आलं. धुरी दिली की मांस शिजलं असं वाटतं, पण थंड धुरीने आतली उष्णता वाढत नाही. गोठवल्यानेही हा विषाणू मरत नाही. जर्मनीत पावावर कच्चा डुकराचा खिमा आणि वर चिरलेला कांदा, असं ‘मेट’ ऑफिसच्या नाश्त्याला सर्रास असतं. मित्रांनी आग्रह केला तरी खुशाल नाही म्हणा. जपानने 2012 मध्ये गाईची कच्ची कलेजी विकायला बंदी घातली, तर काही हॉटेलांनी डुकराची कच्ची कलेजी वाढायला सुरुवात केली. शेवटी 2015 मध्ये तीही बंद करावी लागली.

कच्च्या मांसाची सुरी, बोर्ड आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला हात लावू नका.

कावीळ दिसल्यावर होणाऱ्या चुका

लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. लोक मात्र परवाचं जेवण आठवत बसतात. गेल्या दोन-अडीच महिन्यांत काय खाल्लं, कुठे गेलात, शिकारीचं मांस होतं का, हे डॉक्टरांना सांगा. भारतात जाऊन आला असाल तर तेही सांगा, पण तेवढ्यावर विषय संपवू देऊ नका. औषधांमुळे यकृताला इजा झाल्याचा संशय असलेल्या 318 रुग्णांचं रक्त अमेरिकेत तपासलं, तेव्हा 9 जणांत ताज्या हेपेटायटिस ईच्या खुणा मिळाल्या. म्हणजे हा आजार डॉक्टरांच्याही नजरेतून निसटू शकतो, तेव्हा त्याची तपासणी तुम्ही स्वतः मागा. घरून सुचवलेले काढे आणि मनाने घेतलेलं पॅरासिटामॉल थांबवा. गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा रक्तस्राव दिसला तर थेट इमर्जन्सी गाठा.

गरोदर बाईंनी भारतात येताना पाण्याची विशेष काळजी घ्यावी. पाण्यातून होणाऱ्या 1 या प्रकारात शेवटच्या तिमाहीत मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं.

किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात 3 हा प्रकार महिनोन् महिने टिकून यकृताला सिरोसिसपर्यंत (यकृत कायमचं कडक होऊन निकामी होत जाणं) नेऊ शकतो, तोही फारशा लक्षणांशिवाय. त्यांच्या शरीरात अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत, म्हणून अँटिबॉडीची चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, आहे का, ते बघायला लावा. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध डॉक्टरांनी कमी केल्यावर साधारण एक तृतीयांश रुग्णांत विषाणू निघून जातो. उरलेल्यांना रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध देतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा डोस स्वतःहून मात्र कधीच कमी करू नका, बसवलेला अवयवच हातचा जाऊ शकतो.