डोक्यावरून अंघोळ करताना फिट येत असेल तर

डोक्यावर गरम पाण्याचे मग भराभर पडले की काहींना फिट येते. हा अपस्माराचाच प्रकार आहे. त्याच्या बऱ्याच नोंदी कर्नाटकातल्या असल्या, तरी बादली, मग आणि कढत पाणी मुंबईच्या बाथरूममध्येही तेच.

सुरुवात ओळखा. मूल एकटक बघतं, हाकेला ओ देत नाही, असंबद्ध बोलतं. काही जण तर थांबायच्या ऐवजी आणखी भराभर पाणी ओततात. ही खोड नव्हे, त्यावरून ओरडू नका. लगेच मग काढून घ्या.

बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गिझरचं. कोपर बुडवल्यावर गरमही लागू नये, गारही नाही. मुंबईत नळाचं पाणी फारसं थंड नसतंच, त्यामुळे बहुतेक महिने गिझर लागत नाही. आधी पाय, मग खांदे, पाठ. डोक्यावर मग उपडा करू नका. केस वेगळ्या वेळी, त्याहून गार पाण्याने, ओल्या पंचाने किंवा हाताने थोडेथोडे भिजवून धुवा. दिवाळीत तेल-उटणं खुशाल लावा, कढत पाणी मात्र नको.

अंघोळ खाली बसून करा आणि बादली अर्धीच भरा. फिटमध्ये तोंड बादलीत गेलं तर जीव जाऊ शकतो, हा धोका फिटपेक्षा मोठा. कडी लावू नका. आपल्या अरुंद बाथरूममध्ये माणूस पडला की आत उघडणारं दार अडतं. ते बाहेर उघडणारं करून घ्या. बाहेर कुणीतरी हवंच.

फिट आलीच तर नळ बंद, बादली दूर, माणूस कुशीवर. घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी काही नको. कांदा-चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. 5 मिनिटांहून जास्त चालली, पाठोपाठ दुसरी आली, किंवा नाकातोंडात पाणी गेलं असेल, तर रुग्णवाहिकेसाठी 108.

पाणी बदलूनही फिट येत राहिल्या तर काही रुग्णांना डॉक्टर अंघोळीच्या तास-दीड तास आधी क्लोबाझाम हे फिट रोखणारं औषध घ्यायला सांगतात. ते मनाने सुरू करू नका आणि रोजच्या गोळ्या सोडू नका. केईएम, नायर किंवा सायनच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत जाताना शक्य असेल तर फिटचा व्हिडिओ न्या. पाणी किती गरम होतं, कितव्या मगाला सुरू झालं, हेही लिहून न्या. एरवी काढलेला ईईजी (मेंदूच्या विद्युत हालचालींचा आलेख) बऱ्याचदा नॉर्मल येतो, म्हणून निदान या वर्णनावरच ठरतं. अंघोळीशिवायही फिट आली असेल तर ते आधी सांगा, कारण मग रोजचं औषध लागू शकतं.