दुर्बिणीतला गॅस आणि कॅन्सर: सर्जरीला नव्याने येणाऱ्यांसाठी

सर्जरी किंवा गायनॅकच्या पीजीला बेळगावात आलात की वॉर्डात एक प्रश्न हमखास कानावर येईल. खानापूर-चंदगडकडची माणसं तो असा विचारतात: "डॉक्टर, दुर्बिणीतनं करताना पोटात गॅस घालतासा म्हणं. मग त्यानं गाठ पसरायची न्हाई?" अथणी-गोकाककडचे नातेवाईक हेच कन्नडमधून विचारतात. चाकू लागला की कॅन्सर पसरतो, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे, त्यात आता गॅसची भर. हसून उडवून लावू नका. सर्जन मंडळींनीही १९९० च्या दशकात हाच प्रश्न एकमेकांना विचारला होता.

गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही, त्यामुळे कॉटरी, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवायचं अवजार, बिनधास्त चालते. शिवाय रक्तात झटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. भूलतज्ज्ञाच्या मॉनिटरवर ईटीसीओटू, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, चढताना दिसतो तो यामुळेच. इन्सफ्लेटरवर, म्हणजे पोटात गॅस भरणाऱ्या यंत्रावर, दाब बहुधा १२ ते १५ मिमी पारा असतो. सिलिंडरमधून येणारा हा गॅस थंड आणि कोरडाठाक असतो, हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

१९९१ पासून मोठ्या आतड्याची ऑपरेशन्स दुर्बिणीतून व्हायला लागली आणि ट्रोकार (दुर्बीण आणि अवजारं आत घालायची नळी) घातलेल्या भोकातच गाठ उगवल्याचे अहवाल येऊ लागले. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या मालिकेत १४ पैकी ३ रुग्णांना असं झालं होतं. मग प्रयोगशाळा कामाला लागल्या. कोरड्या गॅसने पेरिटोनियमवरच्या, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तरावरच्या, पेशी फुगतात, एकमेकींपासून सुटतात आणि खालचा थर उघडा पडतो. सुट्या कॅन्सरपेशीला चिकटायला जागा मिळते. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा घटतो, पृष्ठभाग आम्लधर्मी होतो. ट्रोकारच्या कडेने गॅस गळताना पेशीही सोबत जात असाव्यात, असाही एक तर्क होता. त्याला चिमनी इफेक्ट म्हणतात.

हे पेपर वाचताना मटेरियल्स अँड मेथड्स, म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग, आधी उघडा. बहुतेक प्रयोग उंदरांवरचे, आणि त्यांच्या पोटात कॅन्सरपेशी मुद्दाम सोडलेल्या. आपल्या पेशंटच्या आतड्यातली गाठ अशी सुटी तरंगत नसते. उंदराच्या इवल्याशा पोटाला माणसाएवढा दाब दिला तर तो किती जाचक होईल, याचाही विचार करा. माझ्या पहिल्या जर्नल क्लबला सरांनी पाऊण तास फक्त यावरच पिळलं होतं. आकडे पाठ होते, पण ते कोणाला उपयोगाचे नव्हते.

माणसांवरचं उत्तर २००४ मध्ये आलं. अमेरिका-कॅनडातल्या ४८ संस्थांमधले ८७२ रुग्ण, आतड्याचा कॅन्सर, अर्ध्यांना दुर्बीण आणि अर्ध्यांना उघडं ऑपरेशन. जखमेत गाठ परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे १ टक्क्याहून कमी. गॅस तोच होता. हात सरावले होते आणि गाठ हाताळण्याची पद्धत सुधारली होती. विषय मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

आणि २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लॅक ट्रायल आली. ६३१ स्त्रिया. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या: उघड्या ऑपरेशनात ९६.५ टक्के, दुर्बीण-रोबोटमध्ये ८६. रॅडिकल हिस्टरेक्टमीसाठी, म्हणजे गर्भाशय आजूबाजूच्या भागासह काढायच्या ऑपरेशनसाठी, मार्गदर्शक सूचना पुन्हा पोट उघडण्याकडे वळल्या. संशयितांच्या यादीत गॅस आहे, गर्भाशय हलवायचा मॅनिप्युलेटर आहे, आणि गॅस भरलेल्या पोटातच योनिमार्ग कापणंही आहे. तेव्हा गाठ उघडी पडते. ट्रायलने निकाल दिला, कारण नाही दिलं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथेच मुलं घसरतात आणि 'गॅसमुळे' म्हणून मोकळी होतात. माझं मत विचाराल तर एकट्या गॅसला आरोपी करणं सोपं आहे. तोच आतड्याच्या ऑपरेशनात निर्दोष सुटला होता. पण उघड्या पडलेल्या गाठीला त्याची साथ मिळत असेल, हे मी नाकारणार नाही.

ओटीत तुमच्या हातात काय आहे? ट्रोकार सैल वाटला तर टाका घालून पक्का करा, तो सारखा आतबाहेर करू नका. गाठ ग्रास्परने, म्हणजे पकडीने, चिमटीत धरू नका. पित्ताशयात कॅन्सरची शंका असेल तर ते फुटू न देता पिशवीतूनच काढा. आतडं बाहेर काढण्याआधी वुंड प्रोटेक्टर, म्हणजे जखमेच्या कडा झाकणारं आवरण, लावा. शेवटी घाई असते, पुढची केस टेबलावर यायची असते, तेव्हा ट्रोकार तसाच उपसायचा मोह होतो. तसं करू नका. आधी ट्रोकारचा नळ उघडून गॅस बाहेर सोडा, पोट मऊ लागेपर्यंत थांबा, मग ट्रोकार काढा.

आणि नातेवाईकांना सांगताना आधी अवयवाचं नाव घ्या. "आतड्याच्या गाठीला दुर्बीण चालते, मोठ्या अभ्यासात तपासलेलं आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला आम्ही पोट उघडूनच करतो." इतकं सांगितलं की पुढचा प्रश्न साधारणपणे टाके कधी काढणार, हा असतो.